अकराची काकडी

वजन करायचं असलं की माणसं चपला काढून काट्यावर चढतात. ज्यांना वजनाची जरा जास्त धास्ती असते ती मोबाइल आणि पाकीटही माझ्या काउंटरवर ठेवतात. जनूदादा चपला काढतात, मोबाइल, किल्ल्या, रुमाल ठेवतात, कंबरेचा पट्टा सोडून ठेवतात, बोटातली तांब्याची अंगठी पिळून पिळून काढतात आणि सगळ्यात शेवटी चष्मा उतरवतात. मग मोठा श्वास सोडतात, कारण पोटातल्या हवेचंही काहीतरी वजन असणारच. एवढं झाल्यावर ते काट्यावर उभे राहतात. चष्मा नसल्यामुळे त्यांना आकडा दिसत नाही, म्हणून तो मी वाचायचा.

"काय म्हणतो काटा?"

"त्र्याण्णव सहाशे."

"करगोट्याचं वजा केलंस?"

करगोटा काढायचा नसतो असं त्यांच्या आईने लहानपणीच सांगून ठेवलेलं आहे. त्यामुळे त्या काळ्या दोऱ्याचे पाच ग्रॅम मी रोज तोंडीच वजा करून देतो. त्यावर त्यांचं समाधान होतं आणि ते उलट्या क्रमाने एकेक वस्तू अंगावर चढवायला लागतात.

माझं मेडिकलचं दुकान पेणला रामवाडीत आहे, हायवेच्या जवळ. दाराशी वजनकाटा आणि काट्याशेजारच्या पायरीवर यमुनाबाई भाजीची पाटी घेऊन बसतात. जनूदादा मागच्याच आळीत राहतात, एकटे. लग्न का केलं नाही म्हणून विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, एसटीत छत्री राहून जावी तशा सुरात. वय पासष्टच्या पुढे, आवाज भरदार आणि पोट त्याहून भरदार. आमच्या गावात वर्षाला किती गणपती तयार होतात याची मोजदाद नाही, आणि त्यातल्या एकाच्याही पोटाला कोणी नावं ठेवत नाही. त्यामुळे जनूदादांच्या पोटाकडेही चाळीस वर्षं कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

ते स्वतः गणपतीच्या कारखान्यात आहेत. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, रंगाचा फवारा मारणारे वेगळे. जनूदादा फक्त डोळे आखतात. लाकडी पाटावर मांडी घालून बसायचं, समोर बुटक्या चौरंगावर मूर्ती घ्यायची, तिच्या डोळ्याला आपला डोळा भिडवायचा आणि बारीक ब्रशाने काळी रेघ ओढायची. तेवढ्या वेळात कारखान्यात कोणी रेडिओसुद्धा लावत नाही. "डोळा दिला की मग तो आपल्याकडे बघतो," जनूदादा सांगतात, "तोवर आपणच त्याच्याकडे बघायचं."

माघात त्यांचा गुडघा अडला. पाटावर बसले ते उठेचनात. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, बारा किलो उतरवा. ब्याऐंशीवर या, मग गुडघा तुम्हाला बसू देईल. नाहीतर जमिनीवर बसणं विसरा.

कारखान्याचा मालक दिलीप भला माणूस. त्याने खुर्ची आणि उंच टेबल आणून ठेवलं. जनूदादांनी खुर्चीत बसून चार मूर्ती आखल्या आणि ब्रश खाली ठेवला.

"नाय जमत," ते म्हणाले. "खुर्चीत बसलं की माझी नजर वरनं पडते. मग डोळा खाली बघतो. बाप्पाचं काय जमिनीवर पडलंय ते शोधायला?"

दिलीप त्यांना काही बोलला नाही, पण मला सांगून गेला. आषाढात डोळ्यांची खरी घाई सुरू होते. तोवर दादा पाटावर बसते झाले नाहीत तर डोळे दुसऱ्या कारखान्यातून आखून घ्यावे लागतील. हे जनूदादांनाही कळलेलं होतं. त्यांच्या घरात दुसरं माणूस नाही आणि हातात दुसरं काम नाही. म्हणून आकडा वाचताना मी कधी त्यांची चेष्टा केली नाही. बाकी वेळी भरपूर केली.

आता मंदाताईंबद्दल सांगायला हवं. या जनूदादांच्या धाकट्या बहीण. रोह्याला राहतात, कुंडलिका नदीच्या बाजूला. यजमान कंपनीत होते, ते चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा बंगळुरात. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. शाळेत असताना सगळ्या वर्गांचं वेळापत्रक त्याच लावायच्या. दादाच्या बारा किलोंची बातमी कळताच त्यांनी आखीव कागदावर दादाच्या पोटाचं वेळापत्रक लावलं आणि एसटीने स्वतः येऊन भिंतीवर चिकटवून गेल्या. सव्वासातला कोमट पाणी. आठला एक तांदळाची भाकरी, भाजी. अकराला काकडी. एकला जेवण, त्यात भात वाटीभर, वाटी सोबत आणलेली. चारला मूठभर चणे, मूठ मंदाताईंची. सातला जेवण आणि त्यानंतर तोंडाला कुलूप.

वेळापत्रक लावणाऱ्या बाईंना घंटा वाजवल्याशिवाय चैन पडत नाही. प्रत्येक वेळेला रोह्याहून फोन यायचा. जनूदादांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे त्यांच्या पोटात काय चाललंय ते सगळ्या कारखान्याला आणि माझ्या दुकानाला ठाऊक असायचं.

"दादा, अकरा वाजले."

"व्हय. खातोय."

"चाव. आवाज येऊ दे."

आणि जनूदादा फोन तोंडाशी धरून काकडीचा असा काही तुकडा तोडायचे की औषध घ्यायला आलेली माणसं दचकायची. यमुनाबाईंच्या दोन काकड्या रोज खपायच्या, त्यामुळे त्यांचा या वेळापत्रकाला पूर्ण पाठिंबा होता.

एकदा कारखान्यात कोणीतरी पोह्याचे पापड भाजून आणले होते. अकराचा फोन आला. जनूदादांनी पापड मोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, "ही बघ, काकडी."

पलीकडून लगेच उत्तर आलं.

"दादा, काकडी ओली वाजते. हा पोह्याचा पापड आहे. आणि नुसता भाजलेला नाही, तेल लावलेला आहे."

तेल लावलेलं होतं हे खरं. पेणचा पापड रोह्यात ओळखू आला म्हणून कारखान्यातली माणसं आठवडाभर हसत होती. जनूदादाही हसले. पण त्यांनी पुन्हा फसवलं नाही.

वजन उतरत होतं. एक्क्याण्णव, नव्वद, एकोणनव्वद. त्याच सुमारास परदेशी जाणाऱ्या मूर्तींची गडबड चालू होती. त्या बोटीने जातात म्हणून चैत्रातच तयार लागतात. गुडघा जरा सैल झाला होता, म्हणून दिलीपने त्यातल्या अकरा मूर्ती त्यांच्याकडे दिल्या. पाटावर दोन उशा घालून जनूदादांनी त्या आखल्या. संध्याकाळी दिलीप मूर्ती बघायला बसला आणि बराच वेळ बघतच राहिला. मग त्याने मला फोन करून बोलावून घेतलं.

"काय दिसतं सांग," तो म्हणाला.

मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. गणपतीने समोर, आपल्याकडे बघायचं असतं. या अकराही गणपतींची बुबुळं किंचित खाली आणि किंचित बाजूला सरकलेली होती. अकराही गणपती आपल्या हातातल्या मोदकाकडे बघत होते.

जनूदादांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एकेका मूर्तीसमोर जाऊन उभे राहिले. "च्यायला," ते म्हणाले, "सगळेच भुकेले हाईत." मग त्यांनी अकराच्या अकरा जोड्या पुसून नव्याने आखल्या. पण त्या दिवसापासून त्यांचं वेळापत्रकावरचं मन उडालं. भूक दाबली की ती ब्रशातून बाहेर पडते, असं त्यांचं म्हणणं.

पुढची चूक माझी. माझ्या दुकानाच्या वर दर गुरुवारी एक आहारवाल्या मॅडम बसतात. मी जनूदादांना म्हटलं, एकदा त्यांना विचारा. मॅडमनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. घड्याळाकडे बघून नाही, भूक लागली की खा. पोट भरलं की थांबा. आणि जेवताना जेवणाकडे लक्ष द्या. सल्ला चांगलाच होता. जनूदादांनी त्यातला पहिला घेतला आणि बाकीचे दोन मॅडमकडेच ठेवून जिना उतरले.

त्यानंतर त्यांचं ते सुरू झालं. समोर खायचं काही आलं की डावा हात पोटावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थांब, विचारतो."

कारखान्यात वडे आले की थांब, विचारतो. शेजारून वालाचं बिरडं आलं की थांब, विचारतो. एका लग्नात मी त्यांच्या शेजारी पंगतीला होतो. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन आला. जनूदादांनी हात पोटावर ठेवून डोळे मिटले. वाढपी थांबला. त्याच्या मागे मठ्ठेवाला थांबला, त्याच्या मागे भातवाला, त्याच्या मागे वरणवाली बाई. सगळ्या पंगतीचं वाढप एका पोटासाठी खोळंबलं.

"काय झालं, बरं वाटत नाही का काकांना?" वाढप्याने मला विचारलं.

एवढ्यात जनूदादांनी डोळे उघडले. "व्हय म्हणतं," ते म्हणाले. "दोन घाल."

त्यांच्या पोटाची अडचण अशी की ते कधी नाय म्हणतच नसे. दोन आठवड्यांत काट्याने ब्याण्णव दाखवलं. मी आकडा वाचला तेव्हा जनूदादांनी दोनदा करगोट्याचं वजा करायला लावलं.

रोह्याहून फोन चालूच होते. वेळापत्रकही चालू आणि विचारणंही चालू, म्हणजे जनूदादा दोन्ही पानांवर जेवत होते. शेवटी एके दिवशी, अकराच्या फोनला, माझ्या काउंटरवरच वाजलं.

"ब्याण्णव कसं झालं, दादा?"

"पोटाचं ऐकतोय मी. त्याला वेळ लागतो."

"पोटाला विचारून कोणी बारीक झालंय? मी वर्गात विचारलं असतं की बाळांनो, पाढे कधी म्हणावेसे वाटतात, तर अजून कोणाला बेचा पाढा आला नसता."

"माझं पोट तुझ्या वर्गात बसत नाय, मंदे."

"बसत नाही म्हणूनच ब्याण्णव आहे. आषाढाला किती दिवस राहिले माहीत आहे ना?"

आषाढाचं नाव काढायला नको होतं. जनूदादांचा चेहरा लाल झाला. "तुला घंटा वाजवायची सवय लागलीय," ते म्हणाले. "तुझी शाळा सुटली, आता कोण ऐकायला नाय, म्हणून माझ्या पोटावर घंटा वाजवतेस. नको करूस फोन."

यमुनाबाईंनी पायरीवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"नको करू?" ताईंनी विचारलं.

"नको."

"बरं."

मला वाटलं, एकच्या जेवणाला येईल फोन. आला नाही. दुसऱ्या दिवशी अकराला आला नाही, चारला आला नाही. भावंडं आहेत, आठवड्यात गाडी रुळावर येईल, असं म्हणून मी माझ्या कामाला लागलो. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या घरात किती शिरायचं याला मर्यादा असते.

आणि गंमत अशी की वजन धडाधड उतरायला लागलं. एकोणनव्वद. शहाऐंशी. जनूदादा आधी फार खूश होते. "बघ," ते मला म्हणाले, "विचारतो आणि नाय म्हणतं. आता शिकलं ते." चौऱ्याऐंशीला ते उशीशिवाय पाटावर मांडी घालून बसले. कारखान्यात पेढे वाटले गेले. त्यांनी पेढा हातात घेतला, पोटावर हात ठेवला आणि पेढा परत डब्यात ठेवला. मॅडमचा सल्ला खरा ठरला म्हणून मलाही बरं वाटलं. मी तो इतर गिऱ्हाइकांनाही सांगायला लागलो होतो.

यमुनाबाईंनी मात्र एकदा कुरकुर केली. "दादा काकडी नेत नाय आता," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांना भूक नसेल. "रोजच नाय?" त्या म्हणाल्या आणि पाण्याचा हबका मारून भाजी ताजी करत बसल्या.

आषाढ लागला. घरचा गणपती ठरवायला मी कारखान्यात गेलो. जनूदादा पाटावर, पाठ ताठ, एका पाठोपाठ एक डोळे आखत होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता. दिलीपने मला बाजूला घेतलं आणि तयार मूर्तींच्या फळीसमोर उभं केलं. या वेळी मला लगेच दिसलं. मोदकाकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांची बुबुळं केसभर दुसऱ्या बाजूला सरकली होती. मी त्या बाजूला पाहिलं. तिकडे खिडकी आहे. कारखान्यात रेंज फक्त त्या खिडकीतच मिळते, म्हणून जनूदादांचा मोबाइल तिथे गजाला पिशवीत टांगलेला असतो.

"सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"नाय," दिलीप म्हणाला. "गिऱ्हाइकाला कळत नाय. आणि काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास जनूदादा दुकानात आले. काट्यावर चढले. मी आकडा वाचला, "एक्क्याऐंशी आठशे!" आणि टाळी द्यायला हात पुढे केला. मग माझं लक्ष गेलं. त्यांच्या पायात चपला होत्या. बोटात अंगठी होती, कंबरेला पट्टा होता, वरच्या खिशात मोबाइल होता. चष्मा डोळ्यांवरच होता आणि तरी त्यांनी आकड्याकडे पाहिलं नव्हतं.

"झालं ना," ते म्हणाले. "बरं झालं." आणि उतरताना त्यांनी काउंटरची कड धरली.

मी त्यांना स्टुलावर बसवलं, ओआरएसची पुडी पाण्यात कालवून दिली आणि सकाळपासून काय खाल्लं ते विचारलं. चहा. काल संध्याकाळी? त्यांना आठवेना.

"भूक लागतच नाय रे, सुधीर," ते म्हणाले. "विचारतो रोज. नाय म्हणतं. आधी मला वाटायचं, शहाणं झालं. शहाणं-बिहाणं काय नाय. फोन वाजला की लागायची ती भूक."

मग ते ग्लासकडे बघत बोलत राहिले. आई लवकर गेली, वडील मिठागरावर. मंदा शाळेत आणि ते बाराव्या वर्षापासून कारखान्यात, मातीचे गोळे मळायला. डबा एकच. मधल्या सुट्टीच्या आत तो घेऊन शाळेच्या कुंपणाशी जायचं. घंटा झाली की मंदा धावत यायची, मग कुंपणाच्या अलीकडे ते आणि पलीकडे ती, अर्धा अर्धा. "घंटा झाल्याबिगर डबा उघडायचा नाय, असं ठरलेलं," ते म्हणाले. "माझ्या पोटाला तेव्हापासून तेवढंच कळतं. आणि मीच तिला म्हटलं, घंटा वाजवू नको."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस उतरणारे आकडे मी मोठ्या आवाजात वाचत होतो, याची लाजही वाटली. मी आतल्या खोलीत गेलो आणि खोक्यांच्या मागे उभं राहून रोह्याला फोन लावला.

"ताई, दादांचं वजन एक्क्याऐंशी आठशे झालं."

"छान," ताई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "म्हणजे त्याचंच खरं झालं. पाटावर बसतो ना?"

"बसतात. पण ताई, आज त्यांनी चष्मा काढला नाही."

"काट्यावर?"

"काट्यावर. चपलाही नाही काढल्या."

मग त्यांनी विचारलं, "आता किती वाजलेत?"

"अकराला पाच कमी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी बाहेर येऊन कोणा गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध काढून देत होतो. जनूदादांचा खिसा वाजला. त्यांनी मोबाइल काढला, नाव वाचलं आणि तो वाजतच ठेवला. मला वाटलं, आता बंद होईल. यमुनाबाई पायरीवरून म्हणाल्या, "दादा, उचला की." तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

"दादा, अकरा वाजले."

जनूदादांनी डावा हात पोटावर ठेवला आणि डोळे मिटले.

"थांब, विचारतो."

"विचार," ताई म्हणाल्या. "थांबते मी."

आम्ही सगळेच थांबलो. खोकलेवालं गिऱ्हाइकसुद्धा खोकायचं थांबलं.

"व्हय म्हणतं गो, मंदे," जनूदादा म्हणाले.

"मग चाव. आवाज येऊ दे."

यमुनाबाईंनी काकडी आधीच धुऊन पुढे धरली होती. जनूदादांनी मोठा तुकडा तोडला, चावला, गिळला. गिळून झालं तरी चावण्याचा आवाज येतच होता. मी मोबाइलकडे पाहिलं. आवाज तिथून येत होता. रोह्याची काकडीही ओलीच वाजत होती. आधीच्या सगळ्या महिन्यांत तो आवाज मला कधी ऐकू आला नव्हता, कारण जनूदादा स्वतःच इतक्या मोठ्याने चावायचे.

जनूदादांनी चष्मा काढून माझ्या काउंटरवर ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि दुसरा घास घेतला.